दुसरी सुलोचना लोखंडे

“तुमच्यावर चोरीचा गुन्हा आहे, बाई,” हवालदार तिडके म्हणाले आणि चहावर धरलेली साय त्यांनी बोटानं बाजूला सारली.

मी मागं वळून पाहिलं. वाटलं, आपल्या पाठीशी दुसरी कुणी बाई उभी असेल. पाठीशी भिंत होती.

“माझ्यावर?”

“सुलोचना दगडू लोखंडे. तुमचंच नाव ना?”

“नाव माझंच आहे, पण—”

“मग झालं तर.” त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. “हे बघा. सन दोन हजार एक. कलम तीनशे एक्याऐंशी. म्हणजे नोकरानं मालकाच्या घरात केलेली चोरी. सोन्याच्या पाटल्या.”

मी सावरदरीच्या मुलींच्या वसतिगृहात गृहमाता होते. नऊ वर्षं झाली होती. कुणाला ताप आला, कुणाला घरची आठवण आली, कुणाची पाळी पहिल्यांदा आली की दार माझंच वाजायचं. त्या वर्षी वरून हुकूम निघाला, की मुलींच्या सान्निध्यात काम करणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणावा. चांगला हुकूम होता, माझी काही तक्रार नव्हती. आम्ही सगळ्यांनी सेवा केंद्रात जाऊन एकाच दिवशी अर्ज भरले. स्वयंपाकीणबाईंचा दाखला आला, माळ्याचा आला, संध्याकाळनंतर सरळ रेषेत चालता न येणाऱ्या चौकीदाराचासुद्धा आला. मला मात्र ठाण्यातून फोन आला.

“साहेब, दोन हजार एक साली मी इथं धुण्याभांड्याला नव्हते हो. माझं शिवणाचं दुकान होतं. मी कुणाच्या घरी कामाला गेलेच नाही कधी.”

“असं सगळेच म्हणतात.”

“आरोपीचं वय काय लिहिलंय?”

त्यांनी पाहिलं. “बावीस.”

“मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते!”

“वय अंदाजे लिहितात, बाई. तुम्ही तेव्हा लहान दिसत असाल.”

एरवी कुणी असं म्हटलं असतं तर मी खूश झाले असते.

“बरं, मग त्या गुन्ह्याचा निकाल काय लागला?”

“तो रकाना कोरा आहे.”

“मग निकाल कुठं असतो?”

“कोर्टात.”

“तुम्हीच विचारा ना मग कोर्टाला.”

तिडक्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी त्यांना माझं दळण आणून द्यायला सांगितलं. “आम्ही कोर्टाच्या चकरा मारत बसलो तर चोर कोण धरणार? तुम्ही निकालाची नक्कल आणा. सुटलेल्या असाल तर तसं लिहू, शिक्षा झाली असेल तर तसं लिहू.”

“मी सुटणार कशी? मला धरलंच नव्हतं!”

“नक्कल आणा,” ते म्हणाले आणि साय काढलेला चहा प्यायले.

या नावानं तर माझं कपाळच फुटलेलं. हे नाव माझ्या आईबापानं ठेवलेलंच नाही. माहेरी मी वत्सला. लग्नात ताटातल्या तांदळावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा आमच्या यांनी अंगठीनं काय लिहावं म्हणून मान वर केली, आणि त्यांच्या आत्याबाई मागून ओरडल्या, “सुलोचना लिही रे, सुलोचना!” त्यांची एक मैत्रीण होती म्हणे त्या नावाची, फार गुणी. त्या गुणी मैत्रिणीपायी मी सुलोचना झाले, आणि सोळा वर्षांनी पाटल्या चोरणारी ठरले.

हे सगळं मी घरी येऊन यांना सांगितलं. हे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. समोर एक मोटार उघडून बसले होते. सगळं ऐकून घेतलं, तारेचा एक वेढा दिला आणि म्हणाले, “मग पाटल्या कुठं ठेवल्यास?”

“हसण्यावारी नेऊ नका. माझी नोकरी जाईल.”

“अगं, दगडू लोखंडे काय मी एकटा आहे? आपल्या तालुक्यात दगड कमी आणि दगडू जास्त. कुणाची तरी बायको असेल.”

“मग तिला शोधा!”

“मी शोधू? मी दुसऱ्याच्या बायकोचा पत्ता विचारत फिरू?” आणि पुन्हा मोटारीत डोकं घातलं. या माणसाला राग येत नाही, याचा मला जन्मभर राग आला आहे.

संस्थेचे सचिव बोधनकर सर वाईट माणूस नव्हते. फक्त भित्रे होते. मी झालेला घोळ सांगितला तेव्हा ते टेबलावरच्या काचेकडं बघत म्हणाले, “माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण उद्या तपासणी आली तर मी काय विश्वास दाखवू? महिनाअखेरपर्यंत दाखला आणा. तोवर रात्रीच्या मुक्कामाला तुम्ही थांबू नका, आणि कोठीच्या किल्ल्या स्वयंपाकीणबाईंकडं द्या.”

किल्ल्या दिल्या. बाईंनी त्या घेताना माझ्याकडं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलींच्या खोलीत गेले तर बोलणं चालू होतं ते एकदम थांबलं. कुणाच्या तरी पेटीचं कुलूप खटकन लागलं. नऊ वर्षांत त्या पेट्यांना कुलपं लागलेली मी पाहिली नव्हती.

तर अशी मी कोर्टात गेले.

सावरदरीचं कोर्ट म्हणजे एक बसकी दगडी इमारत आणि तिच्याभोवती टंकलेखकांची टेबलं. नकलांच्या खिडकीमागं चिद्रवार नावाचे लिपिक होते. बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी तिडक्यांनी दिलेला गुन्ह्याचा नंबर पुढं केला.

“हा पोलिसांचा नंबर आहे,” ते म्हणाले. “आमचा द्या.”

“तुमचा कुठला?”

“खटल्याचा. गुन्ह्याचा नंबर ठाण्याचा असतो. दोषारोपपत्र इथं आलं की खटल्याला कोर्टाचा नंबर पडतो. आमच्या दप्तरातल्या फायली त्या नंबरानं लावलेल्या आहेत. नावानं शोधायचं म्हटलं तर अख्खी खोली उपसावी लागेल.”

“संगणकावर नाही का?”

“अलीकडच्या आहेत. जुन्या कुठं चढल्यात सगळ्या? खटल्याचा नंबर आणा.”

“तो कुठं मिळेल?”

“ठाण्यात.”

मी ठाण्यात गेले. तिडके बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या दिवशी गेले, तिडके रजेवर. तिसऱ्या खेपेला भेटले, तर म्हणाले, खटल्याचा नंबर कोर्टाकडून आम्हाला येतो, तो जुन्या नोंदवहीत असेल, आणि ती वही जुन्या इमारतीत. दोन इमारतींच्या मध्ये मी आणि एक तरुण शिपाई असे हिंडलो. शेवटी धुळीत शिंकत शिंकत नंबर सापडला. मला एवढा आनंद झाला, की हे विसरूनच गेले, की मी माझ्यावर नसलेल्या खटल्याचा नंबर शोधते आहे.

चिद्रवारांनी नंबर पाहिला, आत गेले आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले. “आहे,” म्हणाले. “फाईल आहे. नशीब तुमचं. नकलेचा अर्ज भरा. तुम्ही आरोपी ना?”

“नाही!”

“मग फिर्यादी?”

“नाही हो. मी कुणीच नाही. माझं फक्त नाव तेच आहे.”

त्यांनी चष्मा काढला. “पक्षकाराला नक्कल सरळ मिळते. तिऱ्हाइताला हवी असेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं, कारण लिहावं लागतं, साहेबांपुढं ठेवावं लागतं. साहेब सध्या प्रशिक्षणाला गेलेत. महिनाभर तरी लागेल.”

“माझ्याकडं महिना नाही.”

“मग एक करा.” त्यांनी आवाज खाली आणला. माणूस मदतच करत होता. “नाव तर जुळतंय. आरोपी म्हणून अर्ज द्या, सही करा. चार दिवसांत नक्कल देतो.”

मी खिडकीचे गज धरून उभी राहिले. “म्हणजे, मी ती नाही हे दाखवायला आधी मी ती आहे असं लिहून द्यायचं?”

“असं तुम्ही म्हणताय. मी सोय सांगितली.”

त्या दिवशी मी कोर्टाच्या पायरीवर बसून रडले. दुःख नव्हतं, संतापच होता. आणि सगळा संताप गोळा होऊन त्या दुसऱ्या बाईवर जाऊन पडला. पाटल्या तिनं चोरायच्या आणि भोगायचं मी! तिथून तशीच उठून ठाण्यात गेले आणि तिडक्यांच्या टेबलावर हात आपटला.

“त्या चोरटीला धरून आणा इथं. उभी करा माझ्याशेजारी. म्हणजे दिसेल सगळ्यांना.”

गंमत म्हणजे तिडक्यांना ते पटलं. “हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?” ते म्हणाले. “तिला समक्ष आणा. ओळख पटवतो, दोघींचे जबाब घेतो, दोन वेगळ्या बाया आहेत असं लिहितो. त्याच दिवशी तुमचा दाखला पुढं पाठवतो. नक्कल नको, काही नको.”

“मी आणू?”

“पत्ता देतो ना मी.”

पत्ता होता जुन्या जिनिंगच्या, म्हणजे कापसाच्या कारखान्याच्या, मागच्या वस्तीचा. हे मोटारसायकलवरून घेऊन गेले. वाटेत मी काय काय बोलायचं ते जुळवत होते. यांना म्हटलं, “तुम्ही मध्ये बोलायचं नाही.” हे म्हणाले, “मी कधी बोलतो?”

वस्तीत विचारलं तर एका म्हाताऱ्यानं बोट केलं. “गोधडीवाली सुली का? ती काय, लिंबाखाली.”

लिंबाखाली एक पत्र्याची खोली होती. दारात तरटावर एक बाई पाय पसरून गोधडी शिवत होती. किरकोळ अंगाची, केस पुढून पिकलेले. दोरा दातानं तोडून तिनं वर पाहिलं.

“सुलोचना दगडू लोखंडे तुम्हीच का?” मी विचारलं.

तिची सुई थांबली. “कुणी पाठवलं?”

“कुणी नाही. मीसुद्धा सुलोचना दगडू लोखंडे.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, “मी दगडू.”

“माझा बाप होता दगडू,” ती म्हणाली. “बसा.”

मी बसले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. दाखला, नोकरी, किल्ल्या, मुलींच्या पेट्यांची कुलपं, कोर्टातल्या चकरा. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला. “तुमच्या करणीची फळं मी भोगतेय,” असंही म्हणाले. “मी सगळ्यांना ओरडून सांगतेय, ती पाटल्या चोरणारी बाई मी नव्हे, ती मी नव्हे. कुणी ऐकून घेत नाही.”

तिनं सगळं ऐकलं. गोधडीची घडी घातली. मग शांतपणे म्हणाली, “मी पण तेच सांगतेय.”

“काय?”

“की ती मी नव्हे. तुम्ही महिनाभर सांगताय. मी तेरा वर्षं सांगते.”

यांनी मागून माझ्या दंडाला हात लावला आणि मी बसले.

तिनं थोडक्यात सांगितलं. गावातल्या एका बड्या घरी ती कामाला होती. पाटल्या दिसेनात म्हटल्यावर सगळ्यांनी हिच्याकडं बोट केलं. पोलिसांनी भरदिवसा गल्लीतून नेलं, दोन दिवस कोठडीत ठेवलं. लग्न ठरलं होतं ते मोडलं. खटला चार वर्षं चालला. त्यातच तिचा बाप गेला. पुढं कुणकुण आली, की पाटल्या त्या घरच्याच थोरल्या मुलानं सराफाकडं मोडल्या. मग ते लोक तारखांना यायचेच बंद झाले.

“मग निकाल?”

“जज्जसाहेबांनी हळू आवाजात काहीतरी वाचलं. मला म्हणाले, जा. मी गेले.”

“म्हणजे सुटलात तुम्ही! निर्दोष सुटलात!”

“वकील तसंच म्हणाला.”

“मग त्याचा कागद?”

“कागद कशाला लागतो? मी म्हटलं, कोर्टानं सोडलं म्हणजे सुटले.” ती जरा हसली. “नंतर अंगणवाडीत मदतनीस घेणार होते. माझं नाव लागलं होतं. तुमच्यासारखाच फोन आला ठाण्यातून. मी सांगितलं, मी सुटलेय. ते म्हणाले, रकाना कोरा आहे. मग मी नाद सोडला. कुणी घरात घेत नाही म्हणून हे गोधडीचं काम धरलं. दारात बसून होतं. कुणाच्या उंबऱ्याच्या आत जावं लागत नाही.”

मी वाटेत जुळवून आणलेलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं.

“मग तुम्ही नक्कल का नाही काढली हो?” मी विचारलं, आणि माझ्या आवाजात अजूनही तोच चिडका सूर होता. “एक अर्ज करायचा होता. तुम्हाला चार दिवसांत मिळाली असती!”

“त्या पायऱ्या मी परत चढणार नाही,” ती म्हणाली. “चार वर्षं चढले. तिथं शिपाई नाव पुकारायचा ना, की लोक आपली पिशवी जवळ ओढून घ्यायचे.” मग उठून तिनं पदर नीट केला. “पण ठाण्यात येते मी. तुमची नोकरी जायला नको. चला.”

मी न मागताच ती निघाली होती.

ठाण्यात तिडक्यांनी आम्हा दोघींना शेजारी उभं केलं, एकदा हिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “वेगळ्याच आहात की.” आणि लगेच जबाब लिहायला घेतला. भराभर लिहून कागद माझ्यापुढं सरकवला. “इथं सही करा. परवा दाखला घेऊन जा.”

मी वाचलं. ‘गुन्ह्यातील आरोपी सुलोचना दगडू लोखंडे, राहणार जुन्या जिनिंगच्या मागे, ही आज समक्ष हजर असून, अर्जदार महिला व सदर चोरीच्या गुन्ह्यातील आरोपी या वेगवेगळ्या व्यक्ती आहेत.’

“आरोपी कसं?” मी म्हटलं. “या तर सुटल्यात.”

“रेकॉर्डला आरोपीच आहे. रकाना कोरा आहे ना.”

“‘निर्दोष सुटलेली’ असं लिहा.”

“कागद आहे?”

“कागद कोर्टात आहे, साहेब. मी डोळ्यांनी फाईलचा नंबर पाहिलाय.”

“मग कागद आणा, तसं लिहू. पण तुम्हाला काय करायचंय?” तिडके खरोखरच वैतागले. “तुमचं काम झालं ना? तुम्ही वेगळ्या, हे लिहिलंय. तिचं तिच्यापाशी.”

सुलोचना माझ्याशेजारीच उभी होती. खालच्या आवाजात म्हणाली, “करा सही, ताई. मला काय फरक पडतो?”

बाहेर हे मोटारसायकल चालू करून उभे होते. आवाज येत होता. महिनाअखेर दोन दिवसांवर आली होती. हातात पेन होतं. आणि मला माझाच एवढा राग आला, की काय सांगू! सही करून मोकळं व्हायचं सोडून माझा हात पुढंच सरकेना. त्या कागदावर माझी सही पडली असती तर आजपर्यंत संगणकात नुसतं नाव होतं, तिथं आता तिचा पत्ता, तिचा चेहरा, आणि ‘होय, चोरटी हीच’ म्हणून माझी साक्ष लागली असती.

मी पेन खाली ठेवलं.

“मी सही करत नाही.”

“का?”

“खोटं आहे म्हणून.”

“अहो बाई, तुम्हीच म्हणाला होतात, त्या चोरटीला उभी करा म्हणून!”

“म्हणाले होते,” मी म्हटलं. “चुकले.”

बाहेर आल्यावर सुलोचना माझ्यावरच चिडली. “हे काय केलंत? मी एवढी आले, ठाण्यात उभी राहिले. मला काय हौस होती? आता तुमची नोकरी गेली म्हणजे ते पण माझ्याच नावावर.”

“मग चला कोर्टात.”

“मी सांगितलं ना, मी त्या पायऱ्या—”

“मग मला नक्कल मिळणार नाही. मी तिऱ्हाईत आहे. सगळ्या तालुक्यात ती फाईल मागायचा हक्क एकट्या तुम्हाला आहे. मला तो असता तर कधीच काढली असती, तुमच्या पाया पडले नसते.”

“पाया कुठं पडलात?”

“पडू का?”

आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून भांडत होतो. येणारे जाणारे बघत होते. तेव्हा हे, जन्मात कधी मध्ये न बोलणारे, म्हणाले, “बाई, हिच्या नादी लागू नका. हिनं एकदा धरलं की सोडत नाही. सोळा वर्षं बघतोय. त्यापेक्षा कोर्ट परवडलं.”

सुलोचना हसली. आणि मागं बसली. मोटारसायकलवर आम्ही तिघं, मध्ये मी, असे कोर्टाकडं निघालो.

पायऱ्यांपाशी ती थांबली. तिनं चपला काढल्या, का ते तिलाच माहीत, आणि हातात घेऊन चढली. अर्ज मी लिहिला. जिथं ‘आरोपी’ लिहायचं होतं तिथं तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, “लिहा. त्याशिवाय मिळायचं नाही ना?” सही तिनं केली, एकेक अक्षर दाबून.

चिद्रवारांनी आम्हाला पाहिलं, चष्मा पुसला. “ही खरी का?” असं मला विचारलं. मी म्हटलं, “दोघी खऱ्या आहोत.”

नक्कल काही महिनाअखेरच्या आत मिळाली नाही. बोधनकर सरांनी हात जोडून माझ्या जागी दुसरी बाई घेतली. पुढं माझा दाखला आला तेव्हा ती रुजू झालेली होती, आणि तिला काढा असं मला म्हणवेना. मी परत शिवणाचं दुकान उघडलं. वर्षभरानं दुसऱ्या संस्थेच्या वसतिगृहात लागले, तिथून निवृत्त झाले. यात सांगण्यासारखं विशेष नाही. सांगण्यासारखं आहे ते नक्कल घ्यायला गेलो त्या दिवशीचं.

बाजाराचा दिवस होता. खिडकीपुढं रांग भिंतीपर्यंत गेली होती. वकिलांचे कारकून, शेताच्या वादातले म्हातारे, कडेवर मूल घेतलेली एक बाई. आम्ही बाकावर बसलो होतो. आतून चिद्रवारांनी पुकारा केला, “सुलोचना दगडू लोखंडे!”

सवयीनं मी अर्धी उठले. मग बसले. ती उठली.

“तुम्हीच ना आरोपी?” चिद्रवारांनी गजामागून विचारलं. त्यांना तसं विचारावंच लागतं. पण रांगेतली तोंडं फिरली. तिच्या पुढ्यात उभ्या असलेल्या माणसानं खांद्यावरची पिशवी पोटाशी घेतली.

तिनं ते पाहिलं.

“होते,” ती म्हणाली. “आता काय आहे ते त्यात लिहिलंय. वाचा.”

“घरी जाऊन वाचून घ्या. मागं रांग आहे.”

“तुम्ही वाचा. मला धरून नेलं तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू गेलं होतं. सोडलं ते माझ्या मलासुद्धा नीट ऐकू आलं नाही.”

चिद्रवारांनी कागद उलटला, शेवटचं पान काढलं आणि पुटपुटत वाचायला लागले.

“मोठ्यानं,” ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग घसा साफ केला, आणि खरंच मोठ्यानं वाचलं. “आरोपी सुलोचना दगडू लोखंडे हिच्याविरुद्धचा आरोप शाबीत झालेला नाही. सबब तिची सदर आरोपातून निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे. तिला जामिनाच्या बंधनातून मोकळे करण्यात येत आहे.”

रांगेतली तोंडं अजून तिच्याकडंच होती. कडेवरचं मूल तेवढं काहीतरी मागत होतं. पिशवीवाल्या माणसानं मान खाली घातली. सुलोचना दोन्ही हातांनी खिडकीची कड धरून उभी होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसती पाठ दिसत होती, आणि ती पाठ हलत होती.

“झालं,” चिद्रवार म्हणाले आणि कागद गजातून पुढं केला. “या आता.”

तिनं कागद घेतला नाही.

“परत एकदा वाचा,” ती म्हणाली.

चिद्रवारांनी रांगेकडं पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, आणि शेवटी, हिला घेऊन जा म्हणून, माझ्याकडं पाहिलं.

“वाचा हो, साहेब,” मी म्हटलं. “आम्हाला घाई नाही.”